मायच्या खाटेवरचा दिवा

मंगळवार, घाटंजी

डबी मी कापली, सर्किट मी जोडलं, चिपमधला प्रोग्रॅमही मीच लिहिला. कोणाकडे शिकायला गेलो नाही. मायच्या खाटेला बांधलेलं बटण तिनं दाबलं की माझ्या खिशातली घंटी वाजते. एरवी चिप झोपून असते, म्हणून नाण्याएवढा सेल वर्षभर पुरावा. हिशेब चोख होता.

पण माय दिवसातून दहादा बटण दाबायची. मी दुकान टाकून धावायचो.

"काहून दाबलं वं माय?"

"काही नाही रे बाबू. जित्तं हाय का मेलं, पाह्यलं."

शेवटी मोहरीएवढा लाल दिवा बसवला. थोड्या थोड्या वेळानं लुकलुकतो, आणि सेल खातो. मला तो आवडला नव्हता. पण तिचं उगाचचं दाबणं थांबलं.

काल त्या दिव्याकडे पाहत म्हणाली, "बिचारं माह्यासंगं रातभर जागून राह्यते."

ते जागत नाही, क्षणभर उठतं आणि परत झोपतं. सांगायला तोंड उघडलं होतं. चुकीचं बोललेलं मला खपत नाही. मग गप्प का बसलो?

आज यवतमाळचा व्यापारी डिझाइन विकत मागायला आला. म्हणाला, "ते बत्ती काढून टाका भाऊ, सेल दुप्पट चालन. कोन पाह्यते तिले?"

कोणाची तरी माय पाहील. दिव्याशिवाय डबी द्यायची नाही, असं त्याला सांगितलं. चाळीस हजार देत होता. नाही म्हटलं.