आडव्या माणसाचे माप

आबा, गाडी घेतली. उद्या सकाळी ती साताऱ्याहून निघेल आणि तुमच्या धर्मपत्नी तिच्यात पूर्ण आडव्या होऊन, पाय पसरून, कवठे महांकाळला बहिणीच्या दारापर्यंत जातील. एवढे एकच वाक्य तुम्हाला अस्वस्थ करण्यास समर्थ आहे याची मला जाणीव आहे, परंतु मी तेवढ्यावर थांबणार नाही. तुम्ही हयात असताना तुमच्यापुढे सलग तीन वाक्ये पूर्ण करण्याचा योग मला कधी आला नाही. मृत्यूने तुम्हाला उत्तम श्रोता केले आहे, तर त्या गुणाचा यथेच्छ लाभ घ्यावा म्हणतो.

मेढा ते सातारा या मार्गावर तुम्ही जी वडाप जीप चालवलीत, तिच्या शास्त्राचा मी आजन्म साक्षीदार आहे. नऊ जणांसाठी निर्माण झालेल्या त्या यंत्रात सतरा देह सामावून घेणे ही सिद्धी होती, हे शत्रूनेही मान्य करावे. ‘आजून एक बसतंय’ हे तुमचे महावाक्य होते. माणसाला तुम्ही माणूस म्हणत नव्हता, शीट म्हणत होता. म्हातारे शीट, लेकुरवाळे शीट, कोंबडी घेतलेले दीड शीट. विश्वातील समस्त शिटांना तुमच्या जीपमध्ये आश्रय होता. अपवाद एकच होता, स्वकीयांचा. घरच्या माणसाने बसणे म्हणजे एका शिटाचा वध, असा तुमचा सिद्धान्त. त्यामुळे आई आयुष्यभर यष्टीने हिंडली आणि तिच्या शेजारून तुमची जीप हॉर्न वाजवत पुढे गेली. गिअरपाशी, जिथे बसायला कोणतेही गिऱ्हाईक राजी नसे, तिथे मला मात्र स्थान होते.

आता वर्तमानाकडे येतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मणक्याने असहकार पुकारला असून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. तिकडे मावशीने अंथरूण धरले आहे. “एकदा बगून यीन म्हंते तिला,” आई म्हणते, “पर बसवत न्हाई की रं.” कोणी तरी सुचवले, रुग्णवाहिका करा. त्यावर ती म्हणाली, “मी जिती हाय आजून.” तेव्हा व्हॅन घेऊन तिच्यात अंथरूण, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून चालते घर करावे, असा प्रस्ताव मी कुटुंबापुढे मांडला. तुमच्या सूनबाईंनी तो पुढे कोकणही होईल या अटीवर संमत केला. तुमची नात तर आधीपासूनच गॅस कुठे ठेवायचा ते ठरवून बसली होती. राहिला प्रश्न आकाराचा. तिथे, आबा, तुम्ही मध्ये आलात.

कारण मला सर्वात मोठी गाडी हवी होती. लांबलचक, उंच टपाची, सभामंडपासारखी. चार माणसे आत बसल्यावर इतकी जागा उरावी, की जिथे असाल तिथे तुमच्या डोळ्यांना ती रिकामी जागा टोचावी. सांगलीला ज्यांच्याकडे टेम्पोच्या बॉड्या बांधतात, त्या गृहस्थांना मी ती दाखवली. ते टपाकडे बघत कौतुकाने म्हणाले, “सायेब, सतरा शिटं आरामात बसत्यात बगा.”

मी म्हणालो, “मला बसवायची नाहीत, निजवायची आहेत. चार.”

“चारच?” त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावे तसे पाहिले. “मंग बाकीच्या जागंचं काय करनार?”

“तशीच ठेवणार.”

“आवं, जागा का लोनच्यात घालायची हाय?” ते म्हणाले. तुमचा आत्मा त्या मनुष्यात काही काळ वास्तव्यास होता, असा मला दाट संशय आहे.

घरी येऊन आम्ही अंगणातल्या फरशीवर खडूने तिन्ही गाड्या काढल्या, लहान, मधली आणि लांब. लहान व्हॅन प्रथम बाद झाली, कारण तिच्यात उभे राहता येत नाही आणि या वयात सासूबाईंना वाकून का चालवायचे, असा रास्त प्रश्न सूनबाईंनी केला. मग आईला आधार देऊन लांब गाडीच्या चौकटीत सतरंजीवर निजवले, म्हणजे माप घेता येईल. ती गुडघे पोटाशी घेऊन, हात छातीशी धरून, एका कोपऱ्यात निजली. मी टेप लावला. साडेतीन फूट. मी तसे वहीत लिहूनही टाकले. नात माझ्याकडे बघत राहिली.

“बाबा, हे आजीचं माप नाहीये,” ती म्हणाली. “आजी, पाय सोड ना.”

“कशापायी? एवढं लय झालं मला. शेजारी कुनी बसंल की.”

“कोणी बसणार नाहीये गं.”

आईने आधी आजूबाजूला पाहिले, मग पाय सोडले. चार फूट दहा इंच. पन्नास वर्षे सहवास घडलेल्या स्त्रीची उंची तिच्या पुत्राला टेपने, तीही दुसऱ्या प्रयत्नात कळली. याचे श्रेय मी तुम्हालाच अर्पण करतो.

आता तुमच्या दोषारोपपत्रातील मुख्य कलम. आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे, दहावे होते. पहाटे मेढ्याहून तिच्या माहेरी निघालो. दुःखाला जाणारी जीपही रिकामी नेणे तुम्हाला पाप वाटले असावे, कारण साताऱ्यात तुम्ही ती भरलीत आणि कराडच्या नाक्यावर तासगावची आणखी तीन शिटे आली. आई मधल्या बाकावर, मांडीवर दहीभाताचा डबा. तुम्ही मागे न वळता म्हणता, “तू उतर. मागनं यष्टी हाय. तासगावला बदल.” ती उतरते. डबाही उतरतो. ओढ्याकाठी पिंड मांडलेले आहेत, कावळे बाभळीवर बसून आहेत आणि एकही शिवत नाही. एक म्हातारा म्हणतो, “लेक यायची हाय त्येची. तिच्याबिगर न्हाई शिवायचा.” मग सगळे तुमच्याकडे वळतात. “आवं पावनं, आमची लेक कुटं हाय?” तुम्ही म्हणता, “येतीया मागनं.” ऊन डोक्यावर येते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. आई पोहोचते तेव्हा लोक हातपाय धुऊन निघालेले असतात. आणि परतीच्या वाटेवर, आबा, तो दहीभात तुम्ही खाल्लात. “वाया कशाला घालवायचा?” असे म्हणून, बोटे चाटून. आईने रिकामा डबा फडक्यात बांधला. त्या दिवशी परतीला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तिला बसायला जागा मिळाली होती.

तेव्हा लांब गाडी घेणे हा माझा धर्म झाला होता. बॉडीवाल्या गृहस्थांनी ती एक दिवस चालवायला दिली. नातीला शेजारी बसवून मी सांगलीहून थेट मावशीच्या गावी गेलो. महामार्गावर ती ऐरावतासारखी डौलात चालली. मावशीच्या बोळाच्या तोंडाशी मात्र ऐरावताचे दोन्ही कुल्ले भिंतींना लागू लागले. मावसभाऊ बाहेर आला, पुढून पाहिले, मागून पाहिले, आणि अत्यंत सद्भावाने म्हणाला, “गड्या, ही न्हाई यायची आत. तुज्या आईला हितंच उतरवू. खुर्चीवर उचलून नेतो की आमी.”

हितंच उतरवू. मी गाडी बंद केली. तुम्हाला खिजवण्यासाठी निवडलेल्या त्या प्रचंड वाहनातून मी तुमच्याच बायकोला, तुमच्याच पद्धतीने, पुन्हा रस्त्यावर उतरवण्याच्या बेतात होतो. फरक एवढाच, की तुम्ही ते शिटांसाठी केलेत आणि मी ते रिकाम्या जागेसाठी करणार होतो. नात म्हणाली, “बाबा, मधलीची रुंदी आतून साडेपाच फूट आहे. आजी चार दहा. आजीला आडवं न झोपवता उभं का झोपवतोय आपण?” मला उलगडा व्हायला वेळ लागला. अंथरूण गाडीच्या लांबीत घालण्याऐवजी रुंदीत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घातले, की आई त्यात सरळ मावते, ओट्याला आणि टाकीलाही जागा उरते आणि मधली गाडी पुरते. टप सहा फुटी, म्हणजे तिला ताठ उभे राहता येते. बोळातही ती जाते. मावसभावाने काठी आडवी धरून मापून पाहिले. मग ऐरावत पाव मैल उलटा चालवत आणला. गाव हसले. सूड घेताना थोडे हसे सोसावे लागते.

आता मधली गाडी दारात उभी आहे. मागच्या काचेवर ‘आबांची पुण्याई’ लिहायची सूचना धाकट्या काकांकडून आली होती. रंगारी ब्रश घेऊन तयारही होता. मी सूचना फेटाळली. काच कोरी आहे. डॅशबोर्डवर तुमची तसबीर नाही. कराडच्या नाक्यावर उद्या आम्ही मुद्दाम थांबणार आहोत. आई उतरणार नाही. ती निजल्या जागी राहील आणि चहा गाडीत येईल. वाटेत कोणी हात केला तरी मी थांबणार नाही, मग तो कितीही म्हातारा असो. हे क्रूर आहे, याची मला नोंद आहे. तुमच्याविरुद्ध लिहिलेले हे सर्व मी तुम्हाला पाठवू शकत नाही, आणि पाठवता आले असते तरी तुम्ही ते घडी घालून खिडकी वाजू नये म्हणून फटीत सारले असते.

एक कलम मात्र लिहायचे राहिले. त्या दिवशी कराडला तुम्ही टपावर पिशव्या बांधत होता, म्हणून तुम्हाला ते ठाऊक नाही. खाली उतरलेली आई डबा घेऊन पुढच्या खिडकीशी आली आणि मला म्हणाली, “येतोस का रं माज्यासंगं?” मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, आणि पुढची जागा एकदा सोडली की परत मिळत नसे. मी समोरच्या काचेतून बघत राहिलो, ऐकूच आले नाही असा. तिने पुन्हा विचारले नाही, त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. तुम्हाला पत्र लिहिणे सोपे आहे, आबा. ती शेजारच्या खोलीत आहे.