पेडलवरचं कुंकू

नवेगाव बांध, नोव्हेंबर २०१४
रविवार, संध्याकाळ

गाडीचं ॲक्सिलरेटर पेडल आज अंगणातच बदललं. पाय किती दाबला ते इंजिनाला कळवणारा सेन्सर त्यालाच जोडलेला असतो. जुनं उघडलं तर आत कुंकू, वाळून चिकटलेलं. दसऱ्याला बाबांनी पेडलची पूजा करून वर नारळाचं पाणी ओतलं होतं. तेच आत मुरलं. दुसरं काय असणार? आठवड्याभरानं आईला दवाखान्यात नेत होतो, तर जंगलात गाडी रेसच घेईना. आई मागच्या सीटवरच गेली.

"काऊन बंद पडली होती गा गाडी?" बाबांनी विचारलं.

"वायर ढिली होती," म्हटलं. जुनं पेडल फडक्यात गुंडाळलं. कुंकू दिसायला नको.

बाबा घरातून पाण्याचा लोटा आणि आईची कुंकवाची डबी घेऊन आले. "नव्याले लावून देतो."

नको कसं म्हणू? मी गाडीचं दार उघडून धरलं.