‘येतो’ कुणी म्हटलं

पुणे, ४ ऑगस्ट १९९४

ती. सौ. मधुकाकूस,
शर्मिष्ठाचा शि. सा. न. वि. वि.

पेपर अजून लिहायला घेतला नाहीये, नुसती तयारी. मॅडम म्हणतात आधी प्रश्न ठरव, मग पुरावा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. मी उलटीकडून सुरू केलं आणि बोलणी खाल्ली. विषय तुला माहीत आहेच, लखनौच्या मराठी घरांत आई मराठीत विचारते आणि पोरं हिंदीत उत्तर देतात, ते. तेरा घरांच्या कॅसेटींची कार्डं पलंगभर पसरलीत, मी खाली झोपते.

तुमची कॅसेट शेवटी ठेवली होती. गेल्या वर्षीच्या जूनमधलं जेवण. तुझी दशहरी आंबे कापण्यावरून किरकिर, आणि संकेत. त्याला जाऊन नऊ महिने झाले, त्यामुळे विचारायलाच कसंतरी होतंय. त्याचं बोलणं घेऊ का? नाव देणार नाही, ‘मुलगा, वय १९’ एवढंच.

एक अडलंय. निघताना तो ‘मम्मी, हम जा रहे हैं’ म्हणतो. तू त्याला जातो म्हणू नये, येतो म्हण, असं सांगतेस. दार, स्कूटर, स्कूटर लांब जाते. आणि मग कुणीतरी हळूच ‘येतो’ म्हणतं. बाई की पुरुष, कळत नाही. काका बँकेत होते, मी टेप चालू ठेवून गच्चीवर. वक्त्याच्या रकान्यात काय लिहू?

काकांना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी
शर्मिष्ठा

अलीगंज, १५ ऑगस्ट

चि. शर्मिष्ठास अनेक आशीर्वाद.

रागवू कशाला? अच्छा, पण ‘मुलगा, वय १९’ काय गं? परका होता का तो? नाव घाल. आणि ‘येतो’ तोच म्हणाला, दुसरं कोण म्हणणार? सगळं मराठी समजायचं त्याला, फक्त तोंडातून निघायचं नाही. एकदा निघालं. तसं लिही.

तुझे काका म्हणतात स्कूटर गेल्यावर आवाज कसा येईल. बँकेत बसून माणूस असाच होतो. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. कॅसेट पाठव.

जेवत जा. जमिनीवर झोपू नकोस.

मधुकाकू

पुणे, २९ ऑगस्ट

ती. सौ. काकूस शि. सा. न.

कॅसेटची कॉपी रजिस्टर्डने पाठवली आहे. काकू, मी घड्याळ लावून मोजलं. स्कूटरचा आवाज संपल्यावर अकरा सेकंदांनी ‘येतो’ येतं. संकेतचं नाव मी कसं लिहू? तो म्हणाला असेल, तर माझा अख्खा पेपर उलटा होतो. ‘अज्ञात’ लिहिता येईल. पण भर दुपारी हेडफोन लावून ऐकते तरी दर वेळी मागे वळून बघते. इतकं जवळून म्हटलंय ते.

पेपर तीस सप्टेंबरला द्यायचाय. मॅडम म्हणतात ही ओळ काढून टाक. मला काढवत नाही.

राग आला तरी माया असू दे.

शर्मिष्ठा

अलीगंज, ९ सप्टेंबर

चि. शर्मिष्ठास अनेक आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. टू-इन-वनवर आम्ही दोघांनी ऐकली. काका डबा घेऊन निघाले. दारात ‘येतो’ म्हणाले. जिना उतरल्यावर खालून परत एकदा म्हणाले.

तो आवाज माझा आहे. तुझ्या पहिल्या पत्रातच मला कळलं होतं. पण वाटलं, तू शिकलेली, तू लिहिलंस, छापून आलं, की तो एकदा तरी म्हणाला असं होईल.

तो कधीच म्हणायचा नाही गं. हसायचा आणि जायचा. मग त्याच्या वाटचं मीच म्हणायचे, टेबल पुसता पुसता. निघताना नुसतं ‘जा रहे हैं’ राहू नये म्हणून. रोज.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी तो निघाला तेव्हा खाली सब्जीवाला भैया आला होता. मी मटार बघत होते. ‘येतो’ म्हणायचं राहिलं.

ओळ काढू नकोस. पोराचं नाव नको घालू, तुझं ‘मुलगा’च बरोबर आहे. आणि रकान्यात ‘आई’ लिही.

तुझी
मधुकाकू