आधी मोज की, पोरी

प्रिय आबा,

तुम्ही गेल्याला बारा दिवस झाले. लिहिणार नव्हते. पण आज सकाळी तुमच्या कॉटवर जे घडलं, ते दुसऱ्या कुणाला सांगू?

तिथं आता पन्हाळ्याकडचे एक काका आहेत. काल दाखल झाले, तुम्हाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मी बीपीची गोळी पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"ते म्हातारं म्हणतंय, आदी मोज की."

"कोण म्हातारं?"

"ते काय, खिडकीपाशी. पाय खाली सोडून बसलंय."

खिडकीपाशी रिकामं स्टूल होतं. तुमच्यानंतर मी एकदाही न मोजता गोळी दिलेली नाही. यांचंही अर्ध्या तासापूर्वी मोजलं होतं, ठीक होतं. तरी पुन्हा पट्टा बांधला. वरचा आकडा पंच्याऐंशी! गोळीनं तो आणखी खाली गेला असता. गोळी परत ठेवली, डॉक्टरांना बोलावलं. काका अजून खिडकीकडेच बघत होते.

त्या दिवशी तुम्हीही हेच म्हणाला होतात. "पोरी, आदी मोज की. डोकं हलकं लागतंय." आणि मी हसले. "आबा, मशीन म्हणजे काय पाळणा आहे, येता-जाता बसायला?"

ज्याचं बीपी रोज सारखं, त्याचा कालचा आकडा आज तक्त्यावर उतरवायचा, ही आमच्या वॉर्डातली सवय. मीही तेच केलं. गोळीनंतर आधी बसा, मग उठा, एवढंही सांगितलं नाही. तुम्ही उठलात आणि बाथरूमच्या दारात पडलात, ते पुन्हा उठलाच नाहीत.

सगळ्यांवर ओरडणारे तुम्ही, ती गोळी मुकाट्यानं का घेतलीत? शिकलेली पोर आहे, तिला कळतं, म्हणून?

तुमच्या सूनबाई परवा कागद न्यायला आल्या होत्या. "मी चहा आणायला गेले नसते तर आबा पडले नसते," म्हणाल्या. मी त्यांना पाणी दिलं. एवढंच दिलं.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. नोकरी राहील का? आईला काय सांगू? ठरलेलं नाही. पण आज ड्युटी संपली की मेट्रनसमोर तो तक्ता ठेवणार आहे आणि तो आकडा मी न मोजता लिहिला, हे सांगणार आहे. तिथून एसटीनं कुरुंदवाडला, तुमच्या घरी. चूक चहाची नव्हती, हे सूनबाईंनी माझ्याच तोंडून ऐकलं पाहिजे.

तुमची अपराधी,
स्नेहल