दादा, फोटो ओढू नकोस

दादा,

जेवल्यावर बाबांना उलट्या सुरू झाल्या, त्या काही थांबेनात. शेजारच्या काकांनी गाडी काढलीय, आम्ही नेहमीच्या हॉस्पिटलला निघालोय. तुझा फोन लागत नाही. तू रानातून आणलेल्या अळंबीची उरलेली भाजी फ्रिजमध्ये आहे, तिला हात लावू नकोस. मी खाल्ली नव्हती, मी ठीक आहे.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "अळंबी कुठली ते कळलं तर बरं होईल." म्हणून मी अळंबी ओळखणाऱ्यांच्या फोरमवर विचारलं. एका जाणकारांनी लगेच लिहिलं, "खालच्या बाजूचा फोटो टाका." मी उरलेल्या कच्च्या अळंबीचा फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला आणि माउसने ओढून फोरमच्या चौकटीत सोडला, तर तोच स्क्रीनभर उघडला आणि लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा सोडला. चौकट निळी झाली, मला वाटलं गेला एकदाचा. ते बिचारे विचारतायत, "ताई, फोटो कुठाय?" आता नुसतं चक्र फिरतंय.

तू कॉम्प्युटरवर फोरमचं ते पान पुन्हा उघड. चौकटीखाली अगदी बारीक अक्षरांत 'फाइल निवडा' आहे, तिथून फोटो घे. मग 'अपलोड' दाब आणि फोटो पोस्टमध्ये दिसेपर्यंत जागचा हलू नकोस. ते काय म्हणतात ते मला लगेच फोन करून सांग.

मग हॉस्पिटलला ये. बाबा तुझ्याशी बोलत नाहीत म्हणून दाराबाहेर थांबू नकोस. अळंबी तू आणलीस म्हटल्यावर त्यांनी दोनदा मागून घेतली.

धाकटी