उलट्या तारा

प्रिय धांदरटा,

फोनवर भांडले असते, पण तिथे तू "हो आई, बरोबर आहे आई" करून मला गुंडाळतोस. म्हणून कागद. पूर्ण वाचायचा.

पडदे शिवायचं दुकान बंद केल्यावर हाताला चाळा नाही, म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी माळ्यावरून तुझी गिटार काढली. नातीला तिच्या वाढदिवसाला एक गाणं वाजवून दाखवीन, असा शब्द देऊन बसले होते. पुस्तक आणलं, चित्रात दाखवलंय तिथे बोटं दाबली, आणि जो आवाज निघाला तो ऐकून तुझे बाबा कानात कापूस घालून फिरायला गेले. ठीक आहे, पहिल्याच दिवशी कोणाला येतं? पण तिसऱ्या महिन्यातही तेच. फोनवरचं ते सूर जुळवायचं यंत्र सहाही तारांना हिरवा दिवा दाखवायचं, बोटांना घट्टे पडले, आणि सगळ्या तारा एकदम छेडून काढायची ती कॉर्ड मात्र पत्र्यावर डबे पडल्यासारखी. तुझी मावशी दोनदा म्हणाली, या वयात कशाला. तिसऱ्यांदा मी फोनच ठेवला.

आणि दर रविवारी तुझं प्रवचन. रोज दहाच मिनिटं बस, एकाच कॉर्डवर लक्ष दे, झालं की वहीत खूण कर, कालच्यापेक्षा आज काय जमलं तेवढंच बघ. सगळं केलं रे. वहीत एकशे अठरा खुणा आहेत. माझी बोटंच मठ्ठ, असं समजून रोज नव्याने बसले. पण "तुझीच गिटार काढली आहे" असं मी सांगितलं, तेव्हा तू एवढंच म्हणालास, छान. छान काय, छान?

मागच्या मंगळवारी ती घेऊन वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. लाकूडच खराब असणार, असं घरून ठरवून. त्याने एकदा तारांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, "काकू, ही डावखुऱ्या माणसाने स्वतःसाठी बदलून घेतलीय. तारा सगळ्या उलट्या आहेत. तुम्ही जन्मभर बसलात तरी पुस्तकातलं हिच्यातून निघायचं नाही." मग त्याने वरची पट्टी दाखवली, तारा बसायच्या खाचांची. त्या खाचा कोणीतरी हाताने नव्याने कोरल्या होत्या, नखं घासायच्या कानशीने. इतकं नेटकं काम दुकानातही होत नाही म्हणाला. माझी कानस हरवली म्हणून तू सोळाव्या वर्षी मार खाल्ला होतास.

तिथल्या स्टुलावर मी बसूनच राहिले. माझ्या कात्रीने तुला कधी सरळ कापता आलं नाही आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर तुला धांदरट म्हणायचे. ती कात्री उजव्या हाताची होती. जन्मभर कात्री धरलेल्या बाईला एवढं कळू नये? लिहिताना, जेवताना तुझा डावा हात मी बाजूला सारायचे. पहिलीत असताना तर एकदा मोजायच्या फितीने खुर्चीला बांधून ठेवला. पुढे तू दार लावून गिटार वाजवायला लागलास, तो मला माज वाटला.

मला तुझा भयंकर राग आलाय. एकोणचाळीस वर्षांचा बाप्या झालास आणि तारा उलट्या आहेत एवढं आईला सांगता येत नाही? आणि त्याहून जास्त राग माझा, कारण तुझी जीभ कोणी बंद केली ते मला ठाऊक आहे.

दुरुस्तीवाला तारा बदलून देत होता. नको म्हटलं. आता मीच गिटार फिरवून धरते, डाव्या हाताने तारा छेडते, पहिल्या पानापासून. दहा मिनिटांत रडकुंडीला येते. हात माझाच, पण परक्याचा असल्यासारखा ऐकत नाही. मला निदान ओरडायला कोणी नाही. पाच खुणा झाल्या आहेत. सोडणार नाही.

हे सगळं मी गिळूनही टाकलं असतं. पण काल व्हिडिओवर नात चित्र काढत होती, डाव्या हातात खडू धरून. मी पडद्यावर दिसले आणि तू बोलता बोलता तो खडू काढून तिच्या उजव्या हातात दिलास. मला दिसू नये म्हणून. ती तुझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने चित्रच बाजूला सारलं. पोरा, पुढच्या रविवारी मला ते चित्र पुरं झालेलं बघायचंय, तिच्या डाव्या हाताने. गिटार तिच्यासाठी पुसून ठेवते, तारा आहेत तशाच. आणि वर सवयीने लिहिलेलं तुझं ते नाव आजपासून मी घेते.

तुझीच,
धांदरट आई