मागच्या सीटवरून आभाळ

माय, आम्ही गाडी घेऊन राह्यलो. तुझ्याशी खरं तर सगळंच असं वऱ्हाडीत बोलायला हवं, पण इतकी वर्षं शाळेत शिकवून हाताला पुस्तकी लिहायची सवय लागली आहे. तेवढं समजून घे.

गाडी कोणती, हे तुझ्या जावयांनी ठरवलं. मी एकच विचारत होते : सनरूफ कोणत्या गाडीला येतं? सनरूफ म्हणजे गाडीच्या टपात बसवलेली काच. बटण दाबलं की आतला पडदा सरकतो आणि वरचं आभाळ दिसतं. हे हसले. म्हणाले, "आपल्याकडचं ऊन काय कमी हाये, का टपातून आत घ्यावं?" पण मी विचारायचं सोडलं नाही. एकाच गाडीचे पाच प्रकार निघाले. माहितीपत्रकात सनरूफच्या पुढे बारीक चांदणी, आणि खाली त्याहून बारीक अक्षरात 'निवडक प्रकारांतच'. निवडक म्हणजे कोणते, ते लिहिलेलं नाही. शोरूमच्या फोनवरच्या मुलीने तिसऱ्यापासून पुढे सांगितलं. शाळेतल्या सरांनी तीच गाडी घेतलेली, ते म्हणाले चौथ्यापासून. शेवटी रविवारी खामगावच्या शोरूमला गेलो. तिथले गृहस्थ पन्नाशीचे, शांत. त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं. पहिल्या दोघांना नाही. तिसऱ्याला आहे, पण पेट्रोलवर असेल तरच, सीएनजीला नाही. चौथ्याला आहेच. पाचव्याला मोठं.

चौथा प्रकार तिथेच उभा होता. मी चपला काढल्या आणि मागच्या सीटवर आडवी झाले. ते गृहस्थ घाबरले. "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "पडदा उघडा जरा." काच ड्रायव्हरच्या डोक्यावरच संपत होती. माझ्या डोळ्यांपुढे नुसतं करड्या रंगाचं कापड.

तुला जालन्याला दवाखान्यात नेलं तेव्हा मी नववीत होते. भेंडीच्या वावरात धुऱ्याच्या बांधावरून तुझा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बाबा पुढे जीपवाल्याजवळ बसलेले, तू मागच्या सीटवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर. साखरखेर्डा सुटलं तेव्हापासून तू विचारतेस, "कुठं आलो वं?" तुला दिसतं ते फक्त जीपचं फाटकं रेक्झिन. मी सांगत जाते. तूर फुलावर आहे. एक म्हातारा म्हशी घेऊन चाललाय. तू डोळे मिटून ऐकतेस आणि म्हणतेस, "औंदा तूर चांगली हाये मंग." जणू तूच पाहिलीस. दर बाजारी भाजीची पाटी घेऊन जाताना तू रस्त्यावरची वावरं अशीच पाहत जायचीस, कुणाचं काय पेरलंय ते. दुसरबीड गेलं तशी मी कंटाळले. भ्यालेही होते. प्रत्येक खड्ड्याला तुझा हात माझ्या मनगटात रुतायचा. तू पुन्हा विचारलंस तेव्हा मी तुटक बोलले, "काही नाही दिसून राह्यलं. झाडंच हायेत." तू म्हणालीस, "झाडं तं झाडं. कोणती हायेत, सांग न." आणि मी खिडकीला डोकं टेकवून झोपेचं सोंग घेतलं. तू अजून एकदा हाक मारलीस, हळूच. मग बाबांना म्हणालीस, "झोपलं लेकरू. झोपू द्या."

ऑपरेशन झालं, पण ताप उतरला नाही. आठव्या दिवशी तू गेलीस.

पाचवा प्रकार शोरूममध्ये नव्हता. मागच्या आवारात एक उभा होता, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. त्या गृहस्थांनी काही न विचारता दार उघडून दिलं, पडदा सरकवला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मी पडले. डोक्यापासून पायापर्यंत आभाळ. एक वायर, कडुलिंबाची फांदी, आणि लांब वर एक घार. मला उठवेना. ह्यांनी हात दिला तेव्हा कुठे उठले.

बाहेर येऊन चहा घेतला.  मग हे म्हणाले, "तू काऊन झोपली होती गाडीत?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्या जीपबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माह्या मायलेही गुडघ्यामुळं आडवंच न्या लागते आता. वरचंच घेऊ." पुन्हा आत जाऊन त्यांनी पाचव्याचंच बुकिंग केलं. रंग मला विचारला. मी पांढरा म्हटलं.

गाडी महिन्याभरात येईल. ही चिठ्ठी कुठे टाकायची नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. चहाच्या टपरीवर ह्यांनी विचारलं होतं, "मंग जालन्यापावतर तू मायले सांगतच गेली का?" मी मान डोलावली. म्हटलं, "हाव. एक झाड सोडलं नाही."